तारा खाली बसते तेव्हा

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. भर दुपारी एक छोटा टेम्पो दवाखान्यासमोर थांबला. मागच्या हौद्यात ओलं पोतं अंथरलेलं, त्यावर काळी लॅब्रेडॉर कुत्री आडवी पडलेली, आणि तिच्यावर छत्री धरून एक माणूस उकिडवा बसलेला. औसा तालुक्यातल्या त्याच्या गावाहून तो तसाच बसून आला होता. पाण्याचं भांडं सोबत, भांड्यावर फडकं.

मी लातूर जिल्ह्यात पशुवैद्य म्हणून काम करतो. माझे दिवस देवणी गायी, लाल कंधारी बैल, म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातात. बैलाला कुणी असं जपून आणलेलं मी पुष्कळदा पाहिलंय. कुत्र्याला आणलेलं पहिल्यांदाच पाहत होतो.

"साहेब, चार दिवस झाले, जेवूलाली न्हाई," तो म्हणाला. "इतक्या वर्षांत असं कधी केलं न्हाई तिनं."

गावात त्यांना सगळे फौजी म्हणतात, मीही इथं तेवढंच म्हणतो. कुत्रीचं नाव बदलून तारा ठेवलंय. फौजी लष्कराच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोरमध्ये, म्हणजे जनावरं सांभाळणाऱ्या दलात, हॅन्डलर होते, कुत्र्याला सोबत घेऊन काम करणारे जवान. तारा स्फोटकं हुंगून काढणारी कुत्री. मेरठला दोघं एकत्र शिकली आणि पुढं जवळपास सहा वर्षं जम्मू-काश्मीरमध्ये एका पट्ट्याच्या दोन टोकांना राहिली. २०२१ साली फौजी पेन्शनवर आले. तारा दुसऱ्या हॅन्डलरच्या हाताखाली आणखी काही काळ राहिली. तिच्या निवृत्तीची खबर लागताच फौजींनी अर्ज केला आणि बाँड लिहून देऊन तिला घरी आणलं. रेल्वेत कुत्र्याला सोबत ठेवायचं तर फर्स्ट क्लासचा कूपे लागतो. सगळी नोकरी स्लीपरच्या डब्यातून ये-जा केलेला हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा फर्स्ट क्लासमध्ये बसला तो तिला आणताना.

तारा तेव्हा नऊ वर्षांची होती. तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेले, मागच्या पायांत थोडा आखडलेपणा.

तपासणीत ताप १०४ फॅरेनहाइट निघाला. हिरड्या फिकट, कानाच्या आत गोचीड. रक्त तपासलं तर प्लेटलेट ६८ हजार आणि हिमोग्लोबिन ८.४. कुत्र्याच्या प्लेटलेट साधारण दोन लाखांच्या वर असायला हव्यात. हा गोचीड ताप होता, एर्लिकिया. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो फार होतो. इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कुत्रं पाळणाऱ्या घरात ती हमखास चुकते. जनावरांच्या अंगावरचा गोचीड वेगळा आणि कुत्र्याचा तपकिरी गोचीड वेगळा. कुत्र्याचा गोचीड भिंतींच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत घर करतो. नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही, भिंतही साफ करावी लागते. फौजींनी दुसऱ्याच दिवशी गोठ्याची भिंत गिलावा करून बुजवून टाकली.

डॉक्सीसायक्लिन २८ दिवसांचं लिहून दिलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तीन आठवड्यांनी प्लेटलेट दोन लाख दहा हजारांवर आल्या, हिरड्यांना रंग आला. कागदावर माझी केस बरी झाली होती.

तारा मात्र जेवत नव्हती. २७ किलोंची २३ वर आली. डाव्या पुढच्या पायाच्या मनगटावर ती सतत चाटायची, तिथले केस जाऊन रुपयाएवढी जखम झाली होती. मी लिव्हर पाहिलं, किडनी पाहिली, जंताचं औषध दिलं, उदगीरला पाठवून एक्स-रे काढून आणला. खुब्यात वयाची थोडी झीज होती, त्यापलीकडं काही नाही. भूक वाढवायचं औषध दिलं, त्याचाही उपयोग झाला नाही. खरं सांगायचं तर या तीन आठवड्यांत मी तिचं रक्त चार वेळा पाहिलं आणि तिच्या दिवसाबद्दल एकदाही विचारलं नाही. गाभण गाय चारा सोडते तेव्हा मी गोठ्यात जाऊन दावण बघतो, वैरण हातात घेऊन बघतो. इथं मी दवाखान्यात बसून रिपोर्ट वाचत राहिलो.

चौथ्या खेपेला सहज विचारलं, "दिवसभरात काहीच खात नाही का?"

"रात्री खाती दोन घास. ट्रॅक्टर बंद झाल्यावर."

"कुठलं ट्रॅक्टर?"

"ब्लास्टिंगचं. हिरींचं काम चालूलालंय न्हवं शिवारात."

त्या दिवशी संध्याकाळीच मी फोन करून सांगितलं की उद्या मीच घरी येतो.

गावातली दुपार

लातूरचं पाणी काय चीज आहे हे मराठी वाचकाला सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो हा जिल्हा. रब्बी निघाली की शिवारात विहिरी खोल करायची कामं सुरू होतात. खाली काळा पाषाण. कॉम्प्रेसरचं ट्रॅक्टर येतं, खडकात होल मारतात, जिलेटिनचे तोटे भरतात आणि बार उडवतात. मग यारीनं, म्हणजे विहिरीवरच्या क्रेननं, दगड वर काढायचा. एप्रिल-मेमध्ये दिवसाला चार-पाच बार ऐकू येणं हे आमच्याकडं नेहमीचंच.

फौजींचं घर गावाच्या कडेला, शेतरस्त्यावर. ब्लास्टिंगची सगळी ये-जा दारावरून. मी पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तारा गोठ्याच्या मागं लिंबाखाली बांधलेली. "आधी पुढं ओट्यावर असायची," फौजींच्या घरच्यांनी सांगितलं, "आता हेच मागं बांधतात." असं का, हे विचारल्यावर दोघंही थोडा वेळ गप्प राहिले. मग वहिनींनीच सांगितलं.

तारा गावात आली तेव्हा पोरांना फार अप्रूप. या भागात लोकांना कुत्री कळतात. जानवळचे कारवान आणि पश्मी सगळ्यांच्या ओळखीचे, सशामागं वाऱ्यासारखे सुटणारे. माळेगावच्या यात्रेत कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं तेव्हा माणसं लांबून बघायला जातात. पण ही जाडजूड, भुंकत नाही, अनोळखी माणसावर धावत नाही. "मिल्ट्रीचं कुत्रं म्हणं, अन राखण बी करीना" असं लोक बोलायचे. इथवर ठीक होतं. मग एके दिवशी देवळासमोरच्या पारावर विहिरीच्या कामावरचा एक गडी बसलेला असताना तारा त्याच्यासमोर जाऊन थांबली, त्याच्या हातांचा वास घेतला आणि खाली बसली. अगदी सरळ, छाती काढून, नजर त्याच्या हातावर. मग मान वळवून तिनं फौजींकडं बघितलं.

फौजींना त्याच क्षणी कळलं. पारावरच्यांना सांगावं लागलं. आणि सांगितल्यावर व्हायचं तेच झालं. कुणी हसलं, कुणी घाबरलं. तो गडी चिडला, माझ्यावर कुत्रं सोडलं म्हणाला, माझ्या पोटावर पाय देता का म्हणाला. तो परवान्यावर काम करणाऱ्याच्या हाताखालचा साधा मजूर, त्याची काही चूक नव्हती. दोन दिवसांत गावात उठलं की फौजीच्या कुत्र्यानं बॉम्ब काढला.

त्यानंतर फौजी तिला बसू देईनात. ती बसायला लागली की पट्टा ओढून पुढं न्यायचे. रस्त्यानं ब्लास्टिंगचं ट्रॅक्टर गेलं, ती बसली. मजूर पाणी प्यायला दारात आले, ती बसली. दिवसातून सहा-सात वेळा ती बसायची आणि सहा-सात वेळा तिला ओढून उठवलं जायचं. शेवटी त्यांनी तिला गोठ्यामागं बांधलं.

इथं थोडं तिच्या कामाबद्दल सांगतो. कुत्र्याच्या नाकात गंध टिपणाऱ्या पेशी २० ते ३० कोटी असतात, आपल्या नाकात ५०-६० लाख. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याला ठरावीक वास शिकवले जातात. वास सापडला की भुंकायचं नाही, पंजानं उकरायचं नाही, कारण एका पंजानं अनर्थ होईल. शांत खाली बसायचं. बसलं की हॅन्डलर शाबासकी देतो आणि चेंडू देतो. कुत्र्याला बॉम्ब म्हणजे काय हे माहीत नसतं. त्याच्या लेखी वास सापडला म्हणजे चेंडू आला, आणि चेंडू आला म्हणजे माझा माणूस माझ्यावर खूश झाला. आता खेड्यात ज्याला जिलेटिन म्हणतात त्या तोट्यांमध्ये मुख्य माल अमोनियम नायट्रेट असतो. ज्याचे हात दिवसभर त्यात आहेत, त्यानं हात धुतले तरी ताराच्या नाकाला तो वास लपत नाही.

म्हणजे तारा आपलं काम बिनचूक करत होती. सहा वर्षं ज्या कामाला शाबासकी मिळाली, त्याच कामाला आता त्याच हातानं हिसका मिळत होता. सवयीचं बक्षीस थांबलं की जनावर काही दिवस जास्तच जोर लावतं, मग गोंधळतं, मग ते काम सोडतं. तारानं काम सोडलं नाही. तिनं जेवण सोडलं.

माझी दोन बोटं

हे सगळं ऐकून झालं तरी माझ्या मनात शंका होती. नुसत्या हिसक्यानं एवढी कळा उतरेल का? मी तिला ओट्यावर आणायला सांगितलं. फौजी बसले, पट्टा त्यांच्या उजव्या हातात. मी ताराच्या मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला दोन बोटं ठेवली. कुत्र्याची नाडी तिथं लागते. मिनिटाला ९६ ठोके, ठीक.

बारा-सव्वाबाराच्या सुमाराला लांब शिवारात कुणीतरी ओरडलं. बार लागलाय, बाजूला व्हा, अशी आरोळी देतात तशी. मला ती जेमतेम ऐकू आली. तारानं कान हलवला, एवढंच. पण मी फौजींचा हात बघितला. पट्ट्याचा एक वेढा त्यांनी मुठीभोवती घेतला, मग दुसरा. चेहऱ्यावर काही नाही, माझ्याशी बोलणं चालूच. पट्टा मात्र ताणला गेला, आणि माझ्या बोटांखाली नाडी पळायला लागली. १३० च्या पुढं मला मोजता आली नाही. बार अजून उडाला नव्हता.

मग तो उडाला. पायाखालची फरशी किंचित हलली. आणि घरातून फौजींची आई, सत्तरीची म्हातारी, हातातलं ताट टाकून अंगणात धावत आली.

म्हातारी का धावली, हे या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं घरात झोपली होती. किल्लारी इथून दूर नाही. जमीन हलली की अजूनही तिचे पाय तिला बाहेर नेतात. फौजी तेव्हा दहा वर्षांचे होते. ढिगारे उपसायला आलेले जवान त्यांनी पाहिले आणि लष्करात जायचं तिथंच ठरलं, असं त्यांनी नंतर सांगितलं.

त्या ओट्यावर मला जे दिसलं ते असं की बार उडण्याची धास्ती ताराला आवाजानं बसत नव्हती. आवाजाला ती सरावलेली होती. तिला धास्ती पट्ट्यातून येत होती. सहा वर्षं पट्टा ताणला गेला की तिच्या दृष्टीनं अर्थ एकच, माझ्या माणसाला पुढं काहीतरी दिसतंय. ती शोधायला तयार व्हायची आणि इथं शोधू दिलं जात नव्हतं.

मी फौजींना एवढंच म्हणालो, "तुमचा हात आरोळीलाच आवळतो."

ते बराच वेळ हाताकडं बघत बसले. मग बोलले, ते त्यांच्याच शब्दांत देतो, थोडं नीट करून.

"काश्मिरात रोज सकाळी गाड्या निघायच्या आधी रस्ता पायी बघावा लागतो. पुढं ही, मागं मी, माझ्या मागं बाकीचे. एका सकाळी बर्फ पडून गेला होता. रस्त्याखालच्या एका मोरीजवळ ही बसली. मला वाटलं पंजे गारठलेत, म्हणून बसली. मागून सगळे ताटकळलेले. मी पट्टा ओढला. उठली न्हाई. परत ओढला, जोरानं. हिनं माझ्याकडं बघितलं, मोरीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. पण उठली न्हाई. मग मी हात वर केला. पुढचं काम करणारे आले. काय निघालं ते मी विचारलं न्हाई. त्या दिवशी ठरवलं की ही बसली की आपण थांबायचं. हिला परत कधी ओढायचं न्हाई."

थोड्या वेळानं म्हणाले, "अन आता रोज ओढूलालोय."

मी यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. वहिनी आत गेल्या आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

कुत्रं आणि त्याचा माणूस एकमेकांकडं टक लावून बघतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं. गाय पान्हावते ती याच द्रव्यामुळं. वासरू ढुशी देतं, गाय पान्हा सोडते, आणि वासरू मेलं तर कित्येक गायी आटतात, हे आपल्याकडं कुणालाही ठाऊक आहे. मोरीजवळच्या त्या नजरेबद्दल फौजी बोलत होते तेव्हा मला हे आठवत होतं. तीच नजर तारा पारावर टाकत होती, दारात टाकत होती, आणि तिला उत्तर मिळत नव्हतं.

काय केलं

उपचार म्हणावेत असं फार थोडं होतं, आणि औषध तर नव्हतंच. जखमेवर मलम, सांध्यांसाठीची गोळी आणि डॉक्सीसायक्लिनचे उरलेले दिवस चालू ठेवले, बाकी सगळं बंद केलं.

पहिली गोष्ट, तारा बसली की ओढायचं नाही. थांबायचं, शाबास म्हणायचं, चेंडू द्यायचा, मग पुढं जायचं. फौजींना हे पटलं, पण पारावरचं काय? म्हणून ते आणि मी ब्लास्टिंगच्या ठेकेदाराकडं गेलो. त्या गड्यालाही बोलावलं. फौजींनी त्याला मोरीची गोष्ट सांगितली, मला सांगितली होती तशीच. गडी ऐकून घेत होता. शेवटी तो एवढंच म्हणाला, "म्हंजी तिनं मला चोर न्हाई म्हटलं." त्यानंतर त्यानं स्वतःहून एक गोष्ट केली जी मी सुचवली नव्हती. बार लावायच्या आधी तो फौजींना मिसकॉल द्यायला लागला. फौजी ताराला घेऊन ओट्यावर बसायचे, पट्टा काढून. पट्टाच नाही म्हटल्यावर हात आवळला तरी तिच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. आवाज व्हायचा, चेंडू फेकला जायचा.

दुसरी गोष्ट, तिला रोजचं काम हवं होतं, आणि ते ब्लास्टिंगवर अवलंबून असायला नको होतं. निवृत्त म्हणजे आराम, हे माणसाच्या डोक्यातलं. कामाच्या कुत्र्याला नुसतं बांधून घास घातला तर ते झुरतं. नवा वास शिकवायचं ठरलं आणि तो सापडला घरातच, म्हातारीच्या चंचीत. मी एक अट घातली की चंचीत तंबाखू आणि सुपारी ठेवायची नाही, कुत्र्याच्या पोटात गेली तर दोन्ही घातक. रिकाम्या चंचीला चाळीस वर्षांचा वास होताच. म्हातारीनं आधी नाही म्हटलं, मग जुनी चंची दिली आणि स्वतःसाठी नवी शिवली. गंमत म्हणजे लपवायचं काम तिनंच उचललं. कणगीमागं, रांजणाच्या बुडाशी, ओढ्यातल्या निर्गुडीच्या झुडपात. नऊ वर्षांची तारा चार दिवसांत शिकली.

तिसरी गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळत होती, कारण मी जनावरांचा डॉक्टर. फौजींची झोप तुटलेली होती, वहिनींनी ते मला बाजूला घेऊन सांगितलं. मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लिहून दिला. हे सरकारी, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. "मला काय झालंय?" असं ते म्हणाले. मी म्हणालो, "ताराला काय झालंय हे मला तीन आठवडे कळलं नव्हतं. तुमचं मला कळणारही नाही. ज्यांना कळतं त्यांच्याशी बोला." महिनाभर चिठ्ठी चुलीवरच्या फळीवर राहिली. जूनमध्ये त्यांनी फोन केला, पुढं लातूरला दोन-तीनदा जाऊन आले. तिथं काय बोलणं झालं ते त्यांचं आहे, या लिखाणाचं नाही.

नवव्या दिवशी तारानं दुपारी भाकरी आणि अंडं खाल्लं. बारही त्याच दिवशी दोन उडाले होते. जूनअखेरीला वजन २५ वर आलं. चाटणं कमी झालं, पण जखम पुरती गेली नाही, अजूनही तिथं केस कमी आहेत.

पावसाळा लागला तेव्हा मला वाटलं, आता परीक्षाच नाही. पाऊस आला की विहिरींची कामं थांबतात, आणि तारा आमच्या उपायानं सावरली की कामं थांबल्यानं, हे मला कधी कळणार नाही. पण त्या वर्षीचा ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींमधला देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट. आमच्याकडं सोयाबीन माना टाकायला लागलं आणि पाण्यासाठी जीव टाकणाऱ्या माणसांनी पुन्हा ब्लास्टिंगचं ट्रॅक्टर बोलावलं. फौजींचं दोन एकर सोयाबीन गेलं. तारा मात्र त्या दिवसांत रोज जेवली.

मेरठहून घरापर्यंत

हे प्रकरण लिहायचं एक कारण असं की अशी कुत्री आता गावागावांत पोचू शकतात, आणि काही वर्षांपूर्वी ती पोचूच शकत नव्हती. लष्कराच्या श्वानपथकाची सुरुवात १९६० साली मेरठला झाली. पुढं कित्येक दशकं सेवेला अयोग्य ठरलेल्या कुत्र्याला दयामरण दिलं जात असे. २०१५ साली माहिती अधिकारात हे बाहेर आलं, दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि त्यानंतर निवृत्त कुत्री सांभाळायची व दत्तक द्यायची वाट मोकळी झाली. फौजींनी पहिल्या काही वर्षांत आपल्या डोळ्यांसमोर जुनी पद्धत पाहिली होती. त्याबद्दल त्यांनी मला एकच वाक्य सांगितलं, "पट्टा रिकामा घेऊन बराकीत यायचं." मेरू नावाच्या निवृत्त कुत्र्याचा रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात झोपलेला फोटो २०२३ च्या मे महिन्यात सगळीकडं फिरला तेव्हा फौजींनी तो मला पाठवला होता, खाली काही न लिहिता.

दत्तक घेणाऱ्याला खाणं, लस, निवारा यांची माहिती मिळते. पण कुत्रं कुठल्या वासावर बसतं, बसल्यावर काय द्यायचं, हे घरच्या सगळ्यांना माहीत असलं पाहिजे असं माझं ठाम मत झालंय. नुसत्या माजी हॅन्डलरला माहीत असून चालत नाही, हे तर याच घरात दिसलं. आणि गावाला आधी सांगितलं पाहिजे. पारावरचा तो दिवस टळला असता.

सप्टेंबरच्या १३ तारखेला मी त्या गावात लम्पीच्या लसी टोचायला गेलो होतो. खांदेमळणीचा दिवस, दुसऱ्या दिवशी पोळा. संध्याकाळी फौजींकडं गेलो तर ते ओट्यावर फोन धरून बसलेले. आदल्या दिवशी राजौरी जिल्ह्यात नार्ला इथं चकमक झाली होती. २१ आर्मी डॉग युनिटची केंट, सहा वर्षांची लॅब्रेडॉर, हॅन्डलरला आडवी येऊन गोळ्यांनी गेली. तिरंग्यात गुंडाळलेल्या केंटचा फोटो त्यांनी मला दाखवला. तारा त्यांच्या पायाशी होती. तिच्या पाठीवर त्यांचा हात होता, आणि तो हात सैल होता, हे मी पाहिलं.

आत अंगणात म्हातारी बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळत होती. घरात आता एकच जोडी उरलीय. "आज आवतण घ्या, उद्या जेवाय या," ती दोघा बैलांच्या कानाशी बोलली. मग वाटी घेऊन ओट्याकडं आली. ती ताराला खंडोबाचं कुत्रं म्हणते, रविवारी भंडारा लावते. खाली वाकली, ताराच्या दोन्ही खांद्यांवर तूप-हळद चोळली आणि तेच शब्द तिलाही म्हणाली.

ताराचं नाक म्हातारीच्या कमरेपाशी गेलं. तिथं जुनी चंची खोचलेली होती, सकाळपासून लपवायची राहून गेलेली. तारा मागं सरकली, सरळ खाली बसली आणि मान वळवून फौजींकडं बघायला लागली.

फौजींनी फोन ओट्यावर ठेवला आणि खिशातला चेंडू काढला.